अंगण वाकडंच आहे

मिरजेत, सतारमेकर गल्लीत,
रुबीनाच्या अब्बांच्या दुकानावरच्या माडीत
दर शनिवारी संध्याकाळी सहाला
मी माझे पाय फेंगडे करते.

आई म्हणायची, पावलं सरळ टाक गं,
बदकागत चाललीस तर कोण करून घेईल तुला.
करून घेतलं. दोन पोरंही झाली, सरळ पावलांची.
आणि आता एकोणपन्नासाव्या वर्षी
पुण्याहून बॅले शिकून आलेली ही एवढीशी पोर म्हणते,
अक्का, टाचेला टाच, चवडे बाहेर,
अजून थोडे. मांडीपासून फिरवा, गुडघ्यापासून नको.
ही पहिली पोझिशन.

जमीन उतरती आहे. खोटं नाही सांगत,
लिंबू ठेवलं तर खिडकीकडे घरंगळत जातं.
नाचता येईना, अंगण वाकडं,
असं पहिल्याच दिवशी मी आपलं हसण्यावारी नेलं,
तर सात वर्षांची मिसबाह गंभीरपणे म्हणाली,
आंटी, वाकडंच आहे.
चढाकडे तोंड करायचं, मग पडत नाही.
तेव्हापासून मी तिच्या मागे उभी राहते.

धरायची दांडी तुणीच्या लाकडाची.
सतारींतून उरलेले तुकडे सांधून चाचांनी केली,
सांध्यावरून बोट फिरवलं तरी लागत नाही.
खाली दुकानात भोपळे टांगलेत,
जिना चढताना डोक्याला लागतात, पोकळ वाजतात.
टाळूला दोरी बांधलीय असं समजा, रुबीना म्हणते.
मला समजावं लागत नाही.
मी त्यांच्यातलाच एक, जरा जड निघालेला.

प्लिए म्हणजे गुडघे वाकवायचे. एवढंच.
गुडघे काय, जन्मभर वाकवले:
केर, चूल, पोत्याची शिवण, देव्हारा.
पण इथं खाली काही सांडलेलं नाही,
कुणाच्या पाया पडायचं नाही.
रिकाम्या हातानं जायचं आणि रिकाम्या हातानं वर यायचं.
तीन शनिवार जमलं नाही मला,
खाली गेले की हात फडकं शोधायचा.

तांदूला मात्र वेळ लागला नाही.
पाऊल जमीन न सोडता पुढे सारायचं, अंगठ्याच्या टोकापर्यंत.
मार्केट यार्डात सांडलेली हळद
मी सव्वीस वर्षं अशीच पायानं सारत आलेय.
रुबीना टाळी वाजवून म्हणाली, हेच अक्का, हेच!
माझ्या मापाचे मऊ बूट सांगलीत नाहीत, कोल्हापुरात नाहीत.
पांढरे मोजे घालते. पहिल्या तासाला तळवे पिवळे उमटले
आणि पोरी म्हणाल्या, आंटीचं लगीन!

मग रेलेव्हे.
टाचा उचलायच्या, चवड्यांवर यायचं,
आणि दांडी सोडायची.
दांडी सोडायची हे ती शेवटी सांगते,
आधी सांगितलं असतं तर मी टाचा उचलल्याच नसत्या.
पोटऱ्या थरथरतात. घोटे, मांड्या, हनुवटीसुद्धा.
सॉरी सॉरी, मी म्हणत राहते, कुणाला कोण जाणे.

परवा वडापमधून सांगलीला परतताना
चौघींच्या मध्ये अंग चोरून बसले होते, तेव्हा सुचलं,
आमच्या पेढीवरचा जुना काटा,
डिजिटल यायच्या आधीचा,
पोतं ठेवलं की असाच थरथरायचा.
घाईच्या गिऱ्हाइकाला मीच सांगायचे,
थांबा जरा, हलतोय म्हणजे खरं सांगणाराय.

सोमवारी यार्डात आवक तुंबली होती.
बिराप्पा पोती लावत होता, मी आकडे लिहीत होते,
आणि कधी कोण जाणे, टेबलामागे
टाचा उचलल्या गेल्या.
हात वहीवर नव्हता. कशावरच नव्हता.

अक्का, बिराप्पा म्हणाला, फळीवरचं काय काढायचंय? मी देतो की.

न्हाई रे, म्हटलं.
काय काढायचं न्हाई.

आणि आणखी थोडा वेळ तशीच राहिले,
चारपर्यंत मोजलं,
पाचला पडले.